सुपात ओतलेल्या गोळ्या

इकडं ये गं रत्ने. अशी माझ्याजवळ बस. त्या खांबाला टेकून लांब नको बसू, मला आता लांबचं ऐकू येत न्हाई. आन् पदर सावरायचं निमित्त करून नजर चुकवू नको. तुला रागवायचंच आहे मला. नणंद असलीस म्हणून काय झालं? तू फ्रॉक घालून शाळेत जायचीस तेव्हा मी या घरात आले. तुझ्या वेण्या घातल्यात मी. तेवढा हक्क आहे माझा.

अख्ख्या गावाला सांगत फिरायचीस, "औषध अर्ध्यावर सोडू नका. बरं वाटलं म्हणून सोडू नका, कंटाळा आला म्हणून सोडू नका." आन् स्वतः काय केलंस? लालीबाईचं काम अर्ध्यावर टाकून निघून गेलीस. तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तुझ्याच अक्षरात आहे. "लालीबाई, तांडा. दोन्ही पायांना सूज. गुडघ्याच्या गोळ्या दोन ठिकाणच्या. पुढल्या बाजारी सगळी पाकिटं आणायला सांगितलं. दवाखान्यात सोबत जाणे." पुढले दोन बाजार सुतकात गेले, तिसरा आला गं. लालीबाई पण आली. तूच न्हवतीस. असं करतं का कुणी?

सव्वा महिना झाला तुला जाऊन. लोक येतात, ओट्यावर बसतात, म्हणतात, सिस्टरबाईंनी केवढं मोठं काम उभं केलं. मी मान हलवते. मनात म्हणते, काम कसलं आलंय, ते आमच्या भांडणातून निघालेलं आहे. नोकरीभर तू पुसेगावला, साखऱ्याला, कुठं कुठं लेकरांना सुया टोचत आन् बाळंतिणी सोडवत फिरलीस. रिटायर होऊन कळमनुरीत आलीस, आमच्या महादेवाच्या मागच्या गल्लीत घर घेतलंस, आन् पहिला पेशंट धरलास तो मला.

आठवतं का? मी नंदीपाशी पडले होते. मंगळवारची सकाळ. घागर हातातून सुटली, डोळ्यापुढं अंधारी आली आन् मी खाली. माझ्या विनूनं तुला बोलावलं. तू ते हाताला गुंडाळायचं मशीन घेऊन आलीस. फुस्स फुस्स केलंस आन् कपाळाला आठी घातलीस.

"वैनी, बीपी पार खाली गेलंय. गोळ्या घेता का?"

"बराबर घेते."

"रोज?"

"रोज म्हणजे, जेवते त्या रोज."

तुझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "आन् जेवत न्हाई त्या रोज काहून न्हाई?"

"काहून म्हणजे? जेवणानंतरची गोळी आहे ती. जेवलेच न्हाई तर जेवणानंतर कुठून येईल?"

मला अजून वाटतं, माझं बोलणं बिनचूक होतं. देवळाचं घर आमचं. शनिवार, सोमवार, दोन एकादश्या, चतुर्थी, प्रदोष. श्रावणाचं तर विचारूच नको, आन् नवरात्राचे नऊ दिवस वेगळेच. तू उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलंस, पाय पसरून खाली बसलीस आन् एकेका उपासावर बोट ठेवत गेलीस. बोट ठेवता ठेवता तुझा आवाज बारीक झाला.

"दवाखान्यात कोणत्या वारी जाता वैनी?"

"सोमवारी. उपास असतो, स्वयंपाकाचं काही नसतं, मोकळी असते."

तू कॅलेंडर मांडीवर पालथं घातलंस. शनिवारची गोळी न्हाई, सोमवारची न्हाई, आन् मी सोमवारी जाऊन डॉक्टरपुढं हात धरायची. त्यांना बीपी वाढलेलं दिसायचं. ते बिचारे म्हणायचे, गोळी पुरत न्हाई आजी, आणखी एक वाढवू. मी म्हणायची, वाढवा. मग मंगळवारी पोटभर जेवून दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या की नंदीपाशी आडवी.

"वैनी," तू म्हणलीस, "न घेतलेल्या गोळीवर डॉक्टर गोळी वाढवून राहिले."

मी म्हणलं, मग त्यांनी विचारायचं होतं. तू म्हणलीस, मग तुमी सांगायचं होतं. ते भांडण अजून मिटलेलं न्हाई, रत्ने. मी माझं सोडलेलं न्हाई आन् तू तुझं सोडायच्या आत गेलीस. पण दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून दवाखान्यात नेलंस आन् डॉक्टरपुढं म्हणलीस, "सांगा वैनी, मला सांगितलं तसंच सांगा." मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढंच म्हणले, "हे मी कधी विचारलंच न्हाई." गोळी परत एकावर आली. उपासालाही घोटभर पाण्यासंगं घ्यायची असं ठरलं. परत येताना रस्ताभर तू मला बजावत होतीस की हे बीपीच्या या गोळीचं झालं, शुगरवाल्यांनी माझं ऐकून काही करायचं न्हाई, त्यांनी उपासाचं आपल्या डॉक्टरला वेगळं विचारायचं. मला काय शुगर आहे? पण तुला ठाऊक होतं, संध्याकाळपर्यंत मी चार घरी सांगणार.

त्याच दुपारी मी तुरीची डाळ निवडत बसले होते. तू सूप माझ्या हातातून घेतलंस, डाळ परातीत उलटी केलीस आन् कोनाड्यातली माझी औषधाची पिशवी त्या सुपात ओतलीस. काय काय निघालं! वाळून खडा झालेली डोळ्याची बाटली. शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून त्यांनी मला दिलेल्या कंबरेच्या गोळ्या, वाण दिल्यासारख्या. एकाच गोळीची तीन अर्धी पाकिटं. आन् सगळ्यात खाली तुझ्या दादांच्या गोळ्या. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मला वाटलं, आता ही खेकसणार. तू ते पाकीट उचललंस. एकेक गोळी दाबून बाहेर काढलीस, बाजूला ठेवलीस आन् ते रिकामं पाकीट माझ्या हातात दिलंस. "हे देवघरात ठेवा वैनी. औषधाच्या पिशवीत नको." त्या दिवशी मला कळलं, तू सगळ्या जिल्ह्याची सिस्टर कशी झाली असशील.

मग दर बाजारादिवशी ओट्यावर सूप मांडायला लागलीस. खेड्यापाड्यातली माणसं बाजाराला येतात, तशी पिशवी घेऊन यायला लागली. तुझा नियम एकच, पिशवी सगळी ओतायची, काही मागं ठेवायचं न्हाई. काढ्याची बाटली, वैद्याची पुडी, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीबिगर दिलेलं, सगळं. आन् कुणी दुसऱ्याच्या सुपाकडं पाहून हसलं की म्हणायचीस, "सुपातल्यांनी हसू नये बाबा, जातं पुढं आहेच." मग तीन ढीग करायचीस. चालू आहे ते, संपलं ते, आन् विचारायचं ते. मी एकदा पुढं होऊन एकाची पुडी नालीत फेकायला निघाले तर माझं मनगट धरलंस.

"वैनी, आपुन निवडायचं. फेकायचं न्हाई, बंद करायचं न्हाई, वाढवायचं न्हाई. ते डॉक्टरचं काम. आपलं काम, त्याला अख्खी पिशवी दाखवायचं."

आन् मला तूच शिकवलंस. नवी सून असताना तुझ्या पाटीवरून चोरून मी मराठी शिकले, चुलीपुढं राखेत गिरवून. म्हातारपणी तुझ्या सुपातून इंग्रजी. इंग्रजी म्हणजे वाचता न्हाई येत, पण जुळवता येतं. तू म्हणलीस, पाकिटावरचं मोठं नाव कंपनीचं, ते दर दुकानी बदलतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव. दोन पाकिटं शेजारी ठेवायची आन् ती बारीक ओळ रांगोळीसारखी जुळवायची. इथं गोल, इथं काठी, इथं उलटा चंद्र. जुळली की विचारायच्या ढिगात. आन् दुसरं शिकवलंस, नाव छापलेल्या बाजूची गोळी सगळ्यात शेवटी काढायची. न्हाईतर गोळ्या राहतात आन् नाव फाटून जातं.

आता तुझ्या दहाव्याचं सांगते. तू पाहिलं असशील, पण माझ्या तोंडून ऐक. बायकांनी जाऊ नये म्हणतात, मी गेले नदीवर. तुझ्या संजूनं पिंड मांडले. कावळा बाभळीवर येऊन बसला आन् हलेना. संजू म्हणाला, "आई, घर विकणार न्हाई." कावळा तसाच. विनू म्हणाला, "आत्या, गल्लीतल्या कुत्र्यांना भाकर टाकीन." तसाच. मग मी पुढं झाले, म्हणलं, "रत्ने, सूप चालू ठेवीन." कावळा उडाला, खाली दगडावर आला. त्यानं पिंडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आन् परत बाभळीवर. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आन् पिंडाला शिववला. लोक म्हणले, होतं असं कधी कधी. पण तो काहून शिवला न्हाई ते मला ठाऊक होतं. ते सांगते थोड्या वेळानं. आधी लालीबाईचं.

तेराव्यानंतरचा पहिला बाजार. मी सूप धुऊन, पुसून ओट्यावर ठेवलं. दुपारपर्यंत कुणी फिरकलं न्हाई. गावाला ठाऊक होतं ना. मग काठी टेकत, पाय ओढत लालीबाई आली. तांड्यावर बातमी पोचलीच न्हवती. पायावरची सूज एवढी की वाळे रुतले होते.

"सिस्टरबाई कुठं हाय?"

"गेली."

"कवा येनार?"

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आन् मटकन खाली बसली. दोघी रडलो. मग तिनं डोळे पुसले आन् पिशवी उचलली.

"जाते मंग मी."

"बस की. सूप आहे."

"तुमाला समजतंय का त्यातलं?"

"समजत न्हाई. जुळवता येतं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं नव्या सुनेच्या हातच्या भाकरीकडं पाहावं. पण ओतली पिशवी. बीपीची गोळी ओळखू आली, माझ्यासारखीच होती. गुडघ्याच्या गोळ्यांची दोन पाकिटं. एक इथल्या डॉक्टरचं, एक लेक नांदेडला घेऊन गेला होता तिथलं. एक लाल, एक निळं. एकाचं नाव एवढं लांब, दुसऱ्याचं एवढंसं. लालीबाई म्हणाली, "लाल सकाळी घेते, निळी संध्याकाळी. लई तकलीफ झाली तर दोनी संगं."

मी चष्मा पुसला. बारीक ओळ लावली. पहिलं अक्षर पोट पुढं आलेलं, दोन्हीकडं. दुसरं काठी न् वर ठिपका, दोन्हीकडं. तिसरं जुळलं. चौथ्याला पाकिटं ओट्यावर ठेवली आन् वाकून पाहिलं. शेवटपर्यंत जुळलं गं रत्ने. रंग दोन, नावं दोन, डॉक्टर दोन, आन् गोळी एकच.

माझ्या जिभेवर आलं होतं, फेक ती निळी. तुझा हात मनगटावर जाणवला. खोटं न्हाई सांगत. मी म्हणलं, "लालीबाई, ऊठ. दवाखान्यात जायचं, आत्ता." ती म्हणाली, बाजार राहिलाय, मिरच्या घ्यायच्यात. मी म्हणलं, मिरच्या विनू आणील. विनूनं आम्हा दोघींना रिक्षात बसवलं. सूपही घेतलं, जसंच्या तसं, गोळ्यांसकट. रिक्षावाला म्हणाला, "आजी, लग्नाला निघालात का रुखवत घेऊन?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरण्या आहेत, तुझ्या ओळखीच्या. सूप टेबलावर ठेवलं तर आधी वैतागल्या. मग दोन पाकिटं उचलली, शेजारी धरली आन् उभ्याच राहिल्या. किती महिने घेता, विचारलं. लालीबाईनं सांगितलं, दिवाळीपासून. लघवी कमी होते का? व्हय. तोंडावर सूज येते का? सकाळी येते. त्यांनी दोन्ही गोळ्या तिथंच बंद केल्या, रक्त-लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, किडनीला मार बसायला लागला होता. बीपीवाल्या माणसानं दुखण्याची ही गोळी इतके दिवस, तीही दुप्पट, आणखी थोडे दिवस चालली असती तर अवघड होतं. आता सावरेल.

"कुणी ओळखलं हे?" त्यांनी विचारलं.

लालीबाईनं माझ्याकडं बोट केलं. "हिनं. रांगोळी जुळवल्यावानी जुळवलं."

"आता गावातल्या सगळ्या पिशव्या माझ्याकडं पाठवू नका आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग जराशानं, कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाल्या, "पाठवा."

परवाच्या बाजाराला लालीबाई आली तेव्हा वाळे सैल झाले होते. मला पाय दाखवायला तिनं भर ओट्यावर लुगडं वर केलं. गुडघे दुखतातच, नवी गोळी हळू लागते म्हणते, शेक घेते. पण चालत आली. चार जणी सोबत घेऊन आली, चार पिशव्या. सूप भरलं. माझ्या पाठीला रग लागली बसून बसून, पण छाती अशी भरून आली होती की काय सांगू. आता मला जमतं, रत्ने. अडेल तिथं डॉक्टरीणबाईंना विनूकडून फोटो पाठवते. तुझी वही संपली, मी नवी घातलीय. तुझ्याएवढं सुबक अक्षर न्हाई, पण वाचता येतं.

आता ते सांगते, कावळ्याला ठाऊक होतं ते.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी एकादशी होती. दिवेलागणीला तुझा फोन आला. मी वाती वळत होते, हाताला तेल. तू विचारलंस, "वैनी, उपास आहे ना आज? सकाळची गोळी घेतली का?"

मी म्हणलं, "घेतली गं."

घेतली न्हवती. उपासाच्या धांदलीत राहिली होती, समोर कोनाड्यात पाकीट दिसत होतं मला. न्हाई म्हणलं असतं तर तू तिथल्या तिथं उठवलं असतंस, बोलली असतीस. हाताला तेल होतं म्हणून, एवढ्यासाठी खोटं बोलले. मला काय ठाऊक? तू हसून म्हणलीस, "शाब्बास. शहाणी झाली माझी वैनी." आन् फोन ठेवलास. सकाळी शेजारीण सांगत आली, तू खुर्चीतच होतीस, चहा तसाच.

माझ्या खोट्यावर तुझी शेवटची शाब्बासकी पडली गं. ती मला पचत न्हाई. सगळ्या गावाला मी सांगते, पिशवी सगळी ओता, मागं काही ठेवू नका, आन् मीच एक मागं ठेवली होती. नदीवर संजू, विनू, भटजी, सगळ्यांपुढं म्हणायची हिंमत झाली न्हाई. आज नव्या वहीत लिहून ओतली. सूप आता रिकामं आहे.

त्या दिवसापासून एक चुकलेली न्हाई. कॅलेंडरवर तू करायचीस तशी निळी खूण करते रोज, उपासाच्या चौकोनावर तर दोनदा गिरवते. देवघरात तुझ्या दादांच्या पाकिटाशेजारी तुझं एक ठेवलंय. गोळ्या काढून, रिकामं. तू सांगितलं तसंच.

उपास मात्र सोडलेले न्हाईत, सांगून ठेवते. देवाला उपास पाहिजे की उपास करणारी बाई पाहिजे, असं विचारायचीस ना? माझं म्हणणं अजून तेच, दोन्ही पाहिजेत. पटत नसेल तर समोर येऊन भांड.

ये ना. लवकर ये. बाजारादिवशी ये, देवळामागच्या लिंबावर बस, ओटा बराबर दिसतो तिथून. मी खूण केलेलं कॅलेंडर खांबाला अडकवून ठेवीन, तपासून घे. बाकीचे पिशव्या घेऊन येतात, तुला आता एकही गोळी लागत न्हाई. तू आपली रिकाम्या हातानं ये.